प्रवासाचं ई-सिम: बारा दिवसांचा अनुभव, आणि एक पांढरा ठिपका

माझं काम हिशेब तपासनिसाचं. करारातली बारीक अक्षरं वाचण्याचे मला पैसे मिळतात. तरीही स्वित्झर्लंडमधल्या ब्रिगच्या स्टेशनावर दोन बॅगा आणि एक थोरली बहीण घेऊन मी इंटरनेटशिवाय उभी राहिले, ती एका यादीत नसलेलं एक नाव न पाहिल्यामुळे. तेव्हा पुढचा अभिप्राय थोडा त्या सेवेवर आहे आणि थोडा माझ्यावर.

सेवा म्हणजे परदेश प्रवासासाठी ई-सिम विकणारं एक ॲप. नाव मुद्दाम लिहीत नाही. या धंद्यात दुकानं ढिगाने आहेत आणि बहुतेकांचे स्वतःचे टॉवर कुठेच नाहीत. मोठ्या कंपन्यांकडून घाऊक डेटा घ्यायचा आणि किरकोळीत विकायचा, एवढाच व्यवहार. त्यामुळे मला जे खटकलं ते तुम्हाला दुसऱ्या दुकानातही भेटू शकेल.

बारा दिवस, आधी इटली, मग स्वित्झर्लंड. मी पंधरा दिवस मुदतीचा १० जीबीचा पॅक घेतला. ताईने तिच्या नेहमीच्या कंपनीचा रोमिंग पॅक घेतला, रोज १ जीबी. "चालतंय त्याला हात कशाला लावायचा?" हे तिचं म्हणणं. "दर बघ आधी," हे माझं. दोघींनी एकमेकींना हे बारा दिवस ऐकवलं, त्यामुळे तुलना मात्र आयती झाली.

ई-सिम माहीत नसणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. नेहमीच्या सिमकार्डाऐवजी फोनच्या आत कायमची बसवलेली चिप असते आणि तिच्यात कंपनीचं प्रोफाइल इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं असतं. मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेने २०१६ मध्ये फोनसाठी याचं मानक ठरवलं. म्हणजे कार्ड काढायची ती टाचणी शोधा, चिमुकलं कार्ड पाकिटाच्या कप्प्यात जपा, विमानात ते सीटखाली पडलं की गुडघ्यावर बसून शोधा, हे सगळं संपलं.

पैसे भरल्यावर मिनिटभरात क्यूआर कोड आला. आला तो माझ्याच फोनवर, आणि स्कॅन करायचा होता त्याच फोनच्या कॅमेऱ्याने. मी काही क्षण खरंच फोन आरशासमोर धरावा का, या विचारात होते. शेवटी कोड ताईला पाठवला, तिच्या पडद्यावरून माझ्या कॅमेऱ्याने घेतला. नंतर कळलं की खाली अक्षरांची एक लांबलचक ओळ असते, ती सेटिंगमध्ये हाताने टाकली तरी चालतं. काही नव्या फोनवर तर कोडच्या चित्रावर बोट दाबून धरलं तरी भागतं. ॲपमध्ये हे लिहिलं होतं, पण तिसऱ्या पानावर. पहिल्या पानावर समुद्रकिनाऱ्यावर हसणारी एक मुलगी होती.

हे काम निघायच्या आधी घरी करा. प्रोफाइल उतरवायलाच इंटरनेट लागतं, आणि विमानतळावरच्या वायफायवर विसंबून राहणं म्हणजे विहिरीपाशी जाऊन दोर वळायला घेणं. माझ्या पॅकची मुदत त्या देशातलं नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यावर सुरू होणार होती. काहींची ती प्रोफाइल उतरवल्या क्षणी सुरू होते. खरेदीच्या पानावर ही एक ओळ शोधून वाचाच. आणि एकदा उतरवलेलं प्रोफाइल "बघू काय होतं" म्हणून डिलीट करू नका. तोच कोड दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नसते.

मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरलो. माझ्या फोनवर चार दांड्या, कंपनीचं इटालियन नाव, आणि इंटरनेट शून्य. फोन बंद करून चालू केला. विमान मोड लावला, काढला. बॅगांचा पट्टा फिरत होता, आमच्या बॅगा दोनदा समोरून गेल्या. वीसेक मिनिटांनी उलगडा झाला. ई-सिमसाठी 'डेटा रोमिंग' चालू करावं लागतं! आपल्याला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं की परदेशात त्या बटणाला हात लावायचा नाही. पण हे ई-सिम इटलीतल्या कंपनीचं नसतंच. ते तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि इटलीत स्वतःच पाहुणं असतं. त्यामुळे प्रवासाच्या सिमला रोमिंग चालू, घरच्या सिमला बंद. शिवाय माझ्या फोनमध्ये 'मोबाइल डेटा बदलण्याची मुभा' असं एक निरुपद्रवी दिसणारं बटण आहे. ते चालू राहिलं तर एका सिमचा डेटा अडखळल्यावर फोन परस्पर दुसऱ्यावर उडी मारू शकतो. तेही बंद केलं. दोन्ही सिमना मी 'घर' आणि 'वाट' अशी नावं दिली. सेटिंगमध्ये चाचपडताना त्याचा फार उपयोग झाला.

तेवढ्यात ताईच्या फोनवर मेसेज आला आणि तिचा चेहरा उतरला. पॅकच्या बाहेरच्या वापराचा आकार लागला होता, आणि तो तिच्या अख्ख्या पॅकपेक्षा जास्त. अजून आम्ही विमानतळाच्या दारातून बाहेरही पडलो नव्हतो.

झालं होतं असं, की ताईने विमानात विमान मोड लावलाच नव्हता. "मी फोन पर्समध्ये ठेवला होता, वापरलाच नाही," हे ती आजही म्हणते. काही विमानांत स्वतःचं छोटं मोबाइल केंद्र असतं. विमान साधारण ३,००० मीटरच्या वर गेलं की ते सुरू करतात आणि उपग्रहामार्गे जमिनीशी जोडतात. पर्समधल्या फोनला ते केंद्र दिसलं. त्याने ते पकडलं आणि गुपचूप मेल, फोटो, हवामान ताजं करत बसला. ताईचा पॅक जमिनीवरच्या नेटवर्कपुरता होता. जहाजांवरही हाच सापळा असतो. स्वागताचा मेसेज आला होता, तो तिने जाहिरात समजून खोडला.

ते पाहून मी घाबरले आणि घरचं सिम, म्हणजे माझी 'घर' ओळच, पूर्ण बंद करून टाकली. ही माझी चूक. तिचं फळ ब्रिगला मिळालं, त्याकडे येते.

आधी इटलीतले सहा दिवस. डेटा उत्तम चालला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मिलान शहरात वेग भरपूर, स्त्रेझाला तळ्याकाठी थोडा कमी, पण नकाशा आणि व्हिडिओ कॉल कुठे अडले नाहीत. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर राहिलं. सिम बदललेलं दिसल्यावर त्याने नंबर बदलायचा का असं विचारलं, मी नाही म्हटलं, विषय संपला. पण पहिल्याच रात्री २.१ जीबी गायब! मी दिवसभरात काढलेले फोटो आणि व्हिडिओ फोनने निष्ठेने ढगात चढवले होते, मोबाइल डेटावरून. १० जीबीतला पाचवा हिस्सा एका चर्चच्या कळसापायी गेला. त्यानंतर फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर, व्हॉट्सॲपमधलं आपोआप डाउनलोड बंद, आणि कमी डेटाचा मोड चालू. उरलेल्या सगळ्या प्रवासात मिळून ४.३ जीबी लागले. नकाशाला तर डेटा इतका कमी लागतो की त्यासाठी मोठा पॅक घ्यायची गरजच नाही.

एक गंमत. मिलानच्या मुख्य स्टेशनात उभी राहून मी हवामान बघितलं, तर साइटने भलत्याच देशातल्या शहराचा पाऊस दाखवला. जाहिराती पोलिश भाषेत. कारण वर सांगितलं तेच. माझा डेटा इटलीच्या टॉवरवरून आधी त्या तिसऱ्या देशातल्या कंपनीकडे जायचा आणि तिथून इंटरनेटवर उतरायचा, त्यामुळे जगाच्या लेखी मी तिथे होते. पानं उघडायला जी किंचित वाट पाहावी लागायची तीही या वळशामुळेच. एरवी हे हसण्यावारी नेता येतं. पण बँकेच्या ॲपने मला दोनदा बाहेर काढलं आणि ओळख पटवायला सांगितली. त्याच्या दृष्टीने मी सकाळी एका देशात होते आणि दुपारी दुसऱ्याच. ॲपच्या विक्रीच्या पानावर याचा अवाक्षराने उल्लेख नाही. असायला हवा.

नकाशाबद्दल एक सूचना. मी गूगल मॅप्सवर शहराचा भाग आधीच उतरवून ठेवला होता आणि त्या भरवशावर एकदा मुद्दाम डेटा बंद करून बघितला. निळा ठिपका बरोबर सरकत राहिला, कारण जीपीएस उपग्रहाकडून नुसतं ऐकतं, त्याला सिम लागत नाही. पण रस्ता विचारला तर गाडीचाच मिळाला. पायी किंवा मेट्रोने कसं जायचं, हे ऑफलाइनमध्ये सांगत नाही. पायी फिरणाऱ्या माणसाला ही मोठीच उणीव. मग मी मुक्कामाच्या जागा ठळक खुणा करून ठेवल्या आणि ठिपका बघत, अंदाजाने चालत गेले. ताईला हे फार आवडलं. "आता कसं माणसासारखं चाललीस."

भाषांतराचा कॅमेरा मात्र जपून वापरा. गाडीच्या फलाटावर एक छोटं यंत्र होतं, त्यावर सूचना. मी कॅमेरा धरला, तर मराठीत आलं, "चढण्यापूर्वी तिकीट नष्ट करा." ताईने खरोखर कागदी तिकीट दोन्ही हातांत धरलं होतं. अर्थ एवढाच, की लोकल गाडीचं तिकीट यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. इटालियन शब्द ओब्लितेरारे, त्याचं बहुधा इंग्रजीतून वळण घेत मराठीत येईपर्यंत हे झालं. तेव्हापासून भाषांतर शंकास्पद वाटलं की आम्ही शेजारचा माणूस काय करतो ते बघायचो.

आता ब्रिग.

दोमोदोसोला हे इटलीच्या बाजूचं शेवटचं मोठं स्टेशन. तिथून गाडी सिंप्लॉनच्या बोगद्यात शिरते. बोगदा जवळपास २० किलोमीटरचा, १९०६ मध्ये सुरू झालेला, आणि दोन देशांची हद्द त्याच्या पोटात कुठेतरी आहे. आत शिरताना मी नकाशा बघत होते. बाहेर पडलो ते ब्रिगला, स्वित्झर्लंडमध्ये. फोनवर स्विस कंपनीचं नाव, पुन्हा चार दांड्या, आणि इंटरनेट नाही. या वेळी रोमिंगचं बटण चालू होतं. सगळं तपासलं. मग ॲपमध्ये आधीपासून साठलेलं पॅकचं पान उघडलं.

पॅकचं नाव 'युरोप'. खाली नकाशा, सगळा निळा. तो मी खरेदी करताना पाहिला होता आणि समाधानाने पुढे गेले होते. आता बोटांनी मोठा केला तर निळ्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका. आम्ही त्या ठिपक्यात उभ्या होतो.

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून रोमिंगचा जादा आकार रद्द झाला, म्हणजे एका सदस्य देशातलं सिम दुसऱ्यात घरच्याच दराने चालतं. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन युनियनबाहेर असूनही त्या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड नाही. म्हणून घाऊक डेटा घेणाऱ्या दुकानदाराला तिथला दर वेगळा पडतो, आणि स्वस्त 'युरोप' पॅकमधून पहिला गळतो तो हाच देश. इटलीत दुकानातून साधं सिम घेतलं असतं तरी त्याच्याही अटी या जागी तपासाव्या लागल्या असत्या. नकाशा खोटा नव्हता. पण तीस देशांच्या यादीत जो नाही तो शोधणं ग्राहकावर सोडणं, हे मला तरी सरळ व्यवहाराचं वाटत नाही. ऑडिटमध्ये अशी तळटीप दिसली असती तर मी लाल पेनाने गोल केला असता.

पुढची तिकिटं मेलमध्ये होती. मेल उघडत नव्हता. स्टेशनावरच्या वायफायला माझा मोबाइल नंबर हवा होता, त्यावर तो कोड पाठवणार. नंबर असलेली ओळ मी स्वतःच बंद केलेली, आणि ई-सिमला नंबरच नाही, कारण पॅक फक्त डेटाचा.

ताई बाकावर बसून शांतपणे माझ्याकडे बघत होती. तिचा पॅक स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या मिनिटापासून चालू होता.

"घे, माझं हॉटस्पॉट घे," ती म्हणाली. "पण रिळं बघत बसू नकोस."

तिच्या डेटावर मी ॲप उघडलं. गप्पांच्या खिडकीत आधी यंत्र बोललं. त्याने माझ्या सिमचा ८९ ने सुरू होणारा लांबच लांब क्रमांक मागितला, मी दिला, त्याने तो परत मागितला. खरा माणूस चाळीस मिनिटांनी आला. सभ्य होता, चूक नेमकी सांगितली, पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. उरलेल्या डेटाचे पैसे परत मिळणार नव्हते, आणि अटींत तसं लिहिलेलंही होतं. पण तोवर मी वाट न पाहता स्वित्झर्लंडचा वेगळा छोटा पॅक घ्यायला निघाले होते. कार्डाने पैसे भरताना बँकेने ओटीपी पाठवला. कुठे? घरच्या नंबरवर.

मग घाबरत घाबरत 'घर' ओळ चालू केली. डेटा रोमिंग बंद आहे हे तीनदा पाहिलं. नेटवर्क पकडायला दोनेक मिनिटं. पहिला ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. दुसरा वेळेत आला. बाकी बिल? काही नाही. माझ्या कंपनीच्या दरपत्रकात रोमिंगमध्ये येणारा मेसेज फुकट आहे, फक्त निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय चालू करून ठेवावी लागते. ती मी केली होती आणि मग भीतीपोटी तिच्यावर पाणी सोडलं होतं. पैसे जातात ते डेटाने आणि उचललेल्या फोनने. त्यातला दुसरा धडाही मिळाला. दोन दिवसांनी पहाटे चारला कर्ज हवंय का विचारणारा फोन आला, मी झोपेत उचलला आणि "नको" म्हणायचेसुद्धा पैसे मोजले.

तिकिटं डाउनलोड केली, लगेच स्क्रीनशॉट काढले. नवा पॅक चालू झाल्यावर नकाशात फलाट शोधू लागले. ताई तेवढ्यात उठून बाहेर जाऊन आली होती. आम्हाला पुढे जायचं होतं त्या झर्माटची लाल गाडी स्टेशनाच्या आतून सुटतच नाही, समोरच्या चौकातून सुटते. "पाटी आहे ना एवढी मोठी," ती म्हणाली.

उरलेलं भराभर. दोन सिम चालू असली की बॅटरी लवकर उतरते, डोंगरात नेटवर्क शोधताना तर फारच. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची होते. विमानात बिनपरवाना १०० पर्यंत चालते, पण हातातल्या बॅगेतच. मुक्कामावर माझा ठोकळ्यासारखा 'सगळ्या जगाचा' ॲडाप्टर निरुपयोगी ठरला. स्विस सॉकेट भिंतीत खोल बसवलेलं, षटकोनी असतं, ठोकळा आत शिरेना. ताईच्या फोनची साधी, चपटी, दोन गोल पिनांची पिन इटलीतही बसली होती आणि इथेही बसली. ती रात्री माझा फोन चार्ज करायला द्यायची, उपकार केल्यासारखी.

माझ्याकडून या सेवेला पाचापैकी साडेतीन. डेटाचा एक गुण पूर्ण, आणि किमतीचाही, कारण दोन्ही पॅक मिळून ताईच्या निम्म्यातच भागलं. अर्धा गुण त्या उशिरा आलेल्या सभ्य माणसाला. बसवण्याच्या सोपेपणाला अर्धा, तोही तिसरं पान पहिलं केलं तर पूर्ण होईल. उरलेला अर्धा वेगाला. नकाशातल्या ठिपक्याला शून्य. पुन्हा घेईन का? घेईन, देशांची नावं एकेक मोजून, आणि 'घर' ओळ मेसेजपुरती जागी ठेवून.

परत आल्यावर आठवड्याने ताईचा फोन. विमानातल्या त्या आकाराबद्दल कंपनीशी भांडून झालं होतं, काही सुटलं नव्हतं. "पुढच्या वेळी मलाही ते तुझं ई-सिम घालून दे." मी तिला *#०६# दाबायला सांगितलं. ई-सिम चालणाऱ्या फोनवर आयएमईआयबरोबर, म्हणजे फोनच्या ओळखक्रमांकाबरोबर, ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांकही दिसतो. तिने पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. दोन आयएमईआय होते, बाकी काही नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या फोनला चालत नाही, ताई."

"मग बरंच आहे," ती म्हणाली. "नाहीतर ब्रिगला तुला हॉटस्पॉट कोणी दिलं असतं?"